स्टीलची कल्हई

आजोळी चिंचेचं सार चुकून पितळेच्या पातेल्यात राहिलं की आजी ते सरळ मोरीत ओतायची. “कळकलं ते, तोंडाला लावू नका,” एवढंच म्हणायची. कळकणं हा शब्द हल्ली कानावर पडत नाही. घराघरांत स्टील आलं आणि शब्दाचं काम संपलं. पण त्या एका क्रियापदात केवढं ज्ञान साठवलेलं होतं! आंबट पदार्थ पितळेत राहिला की तांबं त्यात उतरतं, चव हिरवट-कडवट होते, खाल्लं तर पोटात ढवळतं, हे सगळं ‘कळकलं’ म्हटलं की घरातल्या पोराटोरांनाही समजायचं.

यावरचा उपाय वर्षातून दोनदा गल्लीत यायचा. कल्हईवाला जमिनीत हातभर खड्डा करायचा, त्यात कोळसे पेटवायचा आणि त्याचा पोरगा कातड्याचा भाता ओढत बसायचा. पातेलं लालसर तापलं की चिमूटभर नवसागर आत टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, मग कथलाची कांडी आतून टेकवली की ती पाण्यासारखी वितळायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, हे मला फार पुढे कळलं. कापसाच्या बोळ्यानं तो ते सगळीकडे फिरवायचा आणि काळवंडलेलं पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. चार-सहा महिन्यांत पळीनं ढवळून, राखेनं घासून ती कल्हई उडायची, तळाचं पितळ दिसू लागायचं आणि आजी पुन्हा कल्हईवाल्याची वाट बघायला लागायची.

गेली बावीस वर्षं मी अन्नप्रक्रियेची यंत्रं बनवतो, बसवतो आणि बिघडली की दुरुस्त करायला जातो. आंब्याचे पल्पर, दुधाच्या टाक्या, जॅमच्या केटल, पाकाच्या कढया. सगळं स्टेनलेस स्टीलचं. गिऱ्हाईक टाकीवर थाप मारून म्हणतं, “स्टील आहे ना, आता तीस वर्षं बघायला नको.” त्या वेळी मला हटकून तो भाता आठवतो. कारण स्टीललाही कल्हई असते. फक्त ती कुणी करत नाही, स्टील स्वतःची स्वतः करून घेतं.

ही गोष्ट इंग्लंडातल्या शेफील्डची. हॅरी ब्रिअर्ली तिथे बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजू नयेत म्हणून वेगवेगळी पोलादं ओतून बघत होता. १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्यानं सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. पोलादाची आतली वीण सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर आधी ते आम्लानं थोडं खाऊ द्यावं लागतं. हे पोलाद आम्लाला दाद देईना. मग त्यानं स्वयंपाकघरातली आम्लं लावून बघितली, व्हिनेगर आणि लिंबाचा रस. डाग पडला नाही. शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचं गाव, त्यामुळे त्या काळच्या सुऱ्या जेवण झाल्याबरोबर धुऊन-पुसून ठेवल्या नाहीत तर गंजतात, हे त्याला घरचं ज्ञान होतं. ‘स्टेनलेस’ हा शब्द तिथल्याच एका सुऱ्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्टनं दिला. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यात क्रोमियमबरोबर निकेल घातलेलं पोलाद तयार झालं. आज आपण ज्याला ३०४ म्हणतो, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं, ते त्याच घराण्यातलं. म्हणजे या धातूची अगदी सुरुवातीची एक परीक्षा लिंबाच्या रसात झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्याशी संयोग पावतो आणि पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक थर बसतो. जाडी दोन-तीन नॅनोमीटर. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. ओरखडा पडला तर खालचं क्रोमियम पुन्हा हवेला लागतं आणि थर पुन्हा बसतो. कोळसा नको, नवसागर नको, भाता नको. पण तीन गोष्टी मात्र त्याला लागतात. पृष्ठभाग स्वच्छ हवा, ऑक्सिजन पोचायला हवा आणि क्लोराइड, म्हणजे मुख्यतः मीठ, फार वेळ अंगाशी बसून राहता कामा नये. माझ्या आयुष्यातले बहुतेक बिघाड या तिघांपैकी कुठला तरी एक मोडल्यामुळे झालेले आहेत. आणि त्यातला सगळ्यात मोठा माझ्याच हातून झाला.

कुडाळकडे एका कुटुंबाचा लहानसा कोकमाचा कारखाना आहे. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, येतात, पाऊस पडायच्या आत सगळं उरकावं लागतं. आमसुलं वाळतात, सरबताला साखरेत सालं मुरतात आणि आगळासाठी, म्हणजे कोकमाच्या खारट रसासाठी, मिठात. आगळ पूर्वी चिनी मातीच्या बरण्यांत नाहीतर प्लॅस्टिकच्या पिंपांत भरून ठेवायचे. त्यांना कर्ज मंजूर झालं आणि सगळं ‘स्टीलमध्ये’ करायचं ठरलं. मी हजार लिटरची टाकी बनवून दिली. पत्रा ३०४ चा, खरा, कागदपत्रांसकट. वेल्डिंग बाहेरून घासून, बफ मारून आरशासारखं केलं. टाकी बसवली त्या दिवशी घरातल्या मोठ्या वहिनींनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. “दादा, टाकीक घाम सुटलो.”

मला वाटलं, पावसाळी दमट हवा आहे, बाहेरून पाणी धरलं असेल. गेलो तेव्हा टाकीच्या खालच्या वेल्डच्या बाजूला, बोटभर अंतरावर, गडद लाल थेंबांची एक ओळ होती. पुसली की दहा मिनिटांनी पुन्हा. टाकी रिकामी केली, आत उतरलो. टॉर्च तिरपा धरल्यावर दिसलं. वेल्डच्या कडेनं, आणि आगळाची पातळी जिथे महिनोन्‌महिने स्थिर राहिली होती त्या रेषेवर, टाचणीनं टोचल्यासारखी काळी टिंबं. एक टिंब मी सुईनं कोरून बघितलं. सुई आत गेली, जातच राहिली.

याला आमच्या धंद्यात पिटिंग म्हणतात. मिठातला क्लोराइड त्या पातळ थराला एखाद्या कच्च्या जागी भोक पाडतो. वरून भोक राईएवढंही नसतं. पण आत गेल्यावर तिथे ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून थर पुन्हा बसत नाही. विरघळलेल्या धातूमुळे आतलं पाणी जास्त जास्त आंबट होत जातं आणि बाहेरचा क्लोराइड आत ओढला जातो. जितकं खाईल तितका खाण्याचा वेग वाढतो. वरचा पत्रा लखलखीत आणि आत गुहा. साधं लोखंड गंजतं तेव्हा सगळीकडून गंजतं, पापुद्रे सुटतात, महिनोन्‌महिने आधी सांगून जातं. स्टील फुटतं ते तुमचा हात त्या जागेवरून फिरत असताना.

समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के असतं. आगळात त्याहून कितीतरी जास्त, वर कोकमाची आम्लं, वर कोकणातला उकाडा आणि सगळं महिनोन्‌महिने निश्चल. ३०४ नं यात टिकावं अशी अपेक्षा मी ठेवली, कारण ‘स्टील म्हणजे शुद्ध’ हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यानं पिटिंगला चांगला अटकाव होतो. लोणच्याच्या खारात, सॉसमध्ये आम्ही ३१६एल, म्हणजे कमी कार्बनचं ३१६, वापरतो. पण एवढ्या मिठात वर्षभर साठवायला ३१६ ची हमीही मी आज देणार नाही. साठवणीला अन्नयोग्य प्लॅस्टिकचं पिंप स्वस्तही आणि बरोबरही. चिनी मातीची बरणी तर त्याहून बरोबर, जुन्या बायका तिच्याबाहेर गेल्याच नाहीत. स्टील कुठे हवं? जिथे उष्णता द्यायची, जिथे माल वाहता आहे, जिथे काम संपलं की लगेच धुऊन कोरडं करता येतं, तिथे. मी टाकीचे पैसे परत केले. खालचा खराब भाग कापून नवीन तळ लावला आणि टाकी साध्या पाण्यात रातांबे धुवायला दिली. ती आजही तिथे आहे. कापलेल्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा माझ्या टेबलावर असतो. कडेनं करवतीनं चिरलेला आहे, वरून टिंब आणि बाजूनं बघितलं की मडक्यासारखी पोकळी.

त्या पत्र्याला निदान कागदपत्रं होती. बाजारात तेवढंही नसतं. २०२ नावाचा एक प्रकार आहे, निकेल महाग म्हणून त्यातलं बरंचसं निकेल काढून मँगनीज घातलेला. त्याची चकाकी ३०४ सारखीच. रेलिंगला, फाटकाला, कोरड्या वापराला तो चालतो. पण आंबट-खारट मालाच्या यंत्रात तो ३०४ म्हणून घातला जातो तेव्हा मला मनापासून चीड येते. लोक लोहचुंबक घेऊन येतात. “बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.” अहो, २०२ लाही चिकटत नाही! उलट खरा ३०४ चा पत्रा दाबून टाकीचा बशीसारखा तळ (डिश) किंवा पाईपचं कोपर (एल्बो) केलं की त्या वळणावर चुंबक थोडं धरतं, आणि चांगला माल परत पाठवला जातो. चुंबक दोन्हीकडून फसवतं. कारखान्याचा टेस्ट रिपोर्ट, पत्र्यावर उमटवलेला हीट नंबर, म्हणजे तो धातू कुठल्या ओतीतला ते सांगणारा आकडा, ते दोन्ही जुळताहेत का हे बघणं, आणि मोठं काम असेल तर एक्स-रेच्या गननं मिश्रधातू तपासून घेणं हा खरा मार्ग. बॅटरीवर चालणारं, द्रावणाचा थेंब टाकून रंग बघायचं मॉलीचं (मॉलिब्डेनमचं) किटही मिळतं, ते ३१६ ओळखायला उपयोगी पडतं.

आणि टाकी किलोच्या भावानं विकत घेणं बंद व्हायला हवं. ‘किलोला किती?’ या प्रश्नापासून सुरुवात झाली की जे वजनात येत नाही ते सगळं पहिल्यांदा कापलं जातं. आतून घासलेलं वेल्ड वजनात येत नाही. वेल्डिंगच्या वेळी सोडलेला आर्गॉन वायू वजनात येत नाही. तळाला दिलेला उतार वजनात येत नाही.

आर्गॉनची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. रत्नागिरी भागात आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका ठिकाणी मला बोलावलं होतं. हापूसचा रस, ३.१ किलोचे मोठे डबे, मेच्या मध्यावर दिवसरात्र काम. तक्रार अशी की रोज सकाळी लाईन सुरू झाली की पहिल्या काही डब्यांना आंबूस वास. रात्री कॉस्टिक सोड्यानं, मग गरम पाण्यानं पाईप धुतले जात होते. धुण्याच्या नोंदी व्यवस्थित होत्या. आंबा बदलून बघितला, पंपाचं सील बदललं, वास जाईना. मी पाईपलाईनवरून चालत गेलो. बाहेरून प्रत्येक जोड पॉलिश केलेला, बोट फिरवलं तर कळणार नाही कुठे जोडलंय. शेवटी मालकांना विनंती करून दोन इंची पाईपचा एक एल्बो कापला.

आतला जोड मी विसरणार नाही. जळलेल्या साखरेच्या पोळ्यासारखा, काळा, खडबडीत, टोकं आलेला. त्या टोकांत आंब्याचे केसर अडकलेले, मुळांसारखे विणले गेलेले. नाकाशी नेलं तर शिळ्या ताडीचा वास. कॉस्टिकचं पाणी त्यावरून रोज वाहत जात होतं आणि त्या केसरांच्या मागे यीस्ट सुखानं नांदत होतं.

टिग वेल्डिंग (या कामात वापरतात ते विजेच्या ठिणगीचं वेल्डिंग) करताना वेल्डिंगच्या टॉर्चमधून आर्गॉन येतो, तो बाहेरच्या बाजूचं रक्षण करतो. पण पाईपच्या आत हवा असते. वितळलेल्या धातूला आतून ऑक्सिजन लागला की क्रोमियम वेडंवाकडं जळून त्याचा असा पोळा होतो. वेल्डर त्याला ‘शुगरिंग’च म्हणतात. टाळायचं तर पाईपची दोन्ही तोंडं बंद करून आतूनही आर्गॉन सोडावा लागतो, आतली हवा पुरेशी निघून जाईपर्यंत थांबावं लागतं, मग ठिणगी पाडायची. तोंड बंद करायला पाण्यात विरघळणारा कागद मिळतो, जोड झाल्यावर पाणी सोडलं की वाहून जातो. काम अवघड नाही, पण सिलिंडर लागतो आणि थांबावं लागतं. त्या लाईनला कुणीतरी दोन-चार सिलिंडर वाचवले होते.

वेल्डशेजारचा निळा-सोनेरी पट्टा दिसायला देखणा असतो, पण तो जखमेचा व्रण आहे. तिथलं क्रोमियम जळून वर आलेलं असतं आणि त्याखालचा पातळसा भाग क्रोमियमविना उघडा पडलेला असतो. माझ्या आगळाच्या टाकीत टिंबं वेल्डच्या कडेलाच का निघाली, त्याचं एक कारण हे. बाहेरचा पट्टा मी बफनं घालवला होता, आतला तसाच राहिला होता. दुसरा धोका कार्बनचा. स्टील ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळलं की कार्बन क्रोमियमला पकडून धातूच्या आतल्या कणांच्या सीमांवर बसवतो आणि त्या सीमा उघड्या पडतात. म्हणून वेल्डिंगच्या कामाला ‘एल’ अक्षराचं स्टील घ्यायचं, ३०४एल, ३१६एल, ज्यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असतो.

निळा पट्टा काढायला पिकलिंग पेस्ट लावतात. त्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. हे लिहिताना मला एक दृश्य डोळ्यांसमोर येतं. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, उघड्या हातांनी, रंगाच्या ब्रशनं ती पेस्ट लावतोय. मी ओरडून त्याला थांबवलं. हायड्रोफ्लोरिक कातडीला लागल्यावर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि तोवर ते आत हाडापर्यंत जायला लागलेलं असतं. योग्य हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, जवळ भरपूर पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल, हे नसेल तर त्या डब्याचं झाकण उघडू नये. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करणाऱ्या कुणी हे वाचलं तर कृपा करून शेजारच्याला सांगा.

पट्टा निघून गेल्यावर थर नीट बसावा म्हणून जे करतात त्याला पॅसिव्हेशन म्हणतात. ते नायट्रिकनं होतं तसंच लिंबूसत्त्वानंही होतं. चार ते दहा टक्क्यांचं कोमट द्रावण, वीसेक मिनिटं, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन वाळवायचं. पृष्ठभागावर बसलेलं मोकळं लोखंड ते उचलून घेतं. लहान कारखान्यांना मी हेच सांगतो. पण लिंबूसत्त्वानं निळा पट्टा निघत नाही, हेही लगेच सांगतो, नाहीतर लोक पहिली पायरी गाळतात.

मोकळं लोखंड येतं कुठून? ज्या ग्राइंडरनं सकाळी लोखंडी अँगल घासला, त्याच चाकानं दुपारी स्टील घासलं की येतं. लोखंडी तारेच्या ब्रशनं येतं. शेजारी कुणी लोखंड कापत असेल तर उडालेल्या ठिणग्यांतून येतं. घाटावरच्या एका दूध संकलन केंद्रात मी याचं सगळ्यात दुःखद रूप बघितलं. तपासणी येणार म्हणून रात्री कुणीतरी नव्या कोऱ्या टाकीत ब्लीचिंग पावडरचं दाट पाणी भरून ठेवलं, जंतू मरावेत या चांगल्या हेतूनं. सकाळी टाकीच्या तळाला मोहरी सांडल्यासारखे तपकिरी ठिपके. घाबरून दोघांनी ते लोखंडी काथ्यानं घासून काढले. ठिपके गेले, टाकी चमकली, तपासणी पार पडली. आठवड्यात संपूर्ण तळ तांबूस झाला. आधी क्लोरीननं थर फोडला, मग काथ्यानं लोखंडाचे कण त्या जागी रगडून बसवले. मला विचारलं, “साहेब, स्टील डुप्लिकेट आहे का?” स्टील चांगलं होतं. क्लोरीनचं द्रावण वापरायचं तर दोनशे पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोनशे) आत, थंड पाण्यात, काही मिनिटंच, आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. आम्लाच्या जवळपास तर ते न्यायचंच नाही, विषारी वायू सुटतो. हे सगळं त्या मुलांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या हातात फक्त पावडरची पिशवी दिली होती.

लोखंडाचे कण आहेत का ते बघायला मोरचुदाचं द्रावण लावतात, कण असेल तिथे तांब्याचा रंग उमटतो. पण अन्न लागणाऱ्या पृष्ठभागावर ते वापरायचं नसतं, म्हणून मी ते फक्त नमुन्याच्या तुकड्यावर करतो. टाकीच्या आत साधं पाणीच बरं. संध्याकाळी पृष्ठभाग ओला करायचा, थोडा सुकू द्यायचा, पुन्हा ओला करायचा, रात्रभर तसं करत राहायचं आणि सकाळी टॉर्च घेऊन आत जायचं. गंज असेल तर तो स्वतः पुढे येऊन उभा राहतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात. घरी पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध बुडाला लागतं, तेच जॅमच्या केटलमध्ये शंभरपट मोठं होऊन लागतं. तांब्यातून उष्णता जितकी सहज पसरते, तिच्या पंचविसावा भागही स्टीलमधून पसरत नाही. जिथे वाफ लागली तिथेच तापतं, शेजारी थंड. म्हणून तळ सतत खरवडणारी टेफ्लॉनची पाती हवीत आणि केटलभोवतीच्या वाफेच्या जॅकेटमधली हवा व साचलेलं पाणी बाहेर काढायची सोय हवी. शिवाय स्टील साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं. दहा मीटरचा पाईप साठ अंशांनी तापला तर सुमारे एक सेंटिमीटर लांबतो. दोन्ही टोकं भिंतीत घट्ट धरली असतील तर तो सेंटिमीटर कुठेतरी युनियनच्या, म्हणजे पाईपच्या सुट्या होणाऱ्या जोडाच्या, वॉशरमधून बाहेर पडतो, आणि माणसं वर्षभर वॉशर बदलत बसतात.

वॉशरवरून आठवलं. कोपरे. थराला ऑक्सिजन लागतो म्हटलं ना, तो कोपऱ्यात पोचत नाही. फुगलेल्या वॉशरची खाच, पत्र्यावर पत्रा ठेवून फक्त टाचलेली पट्टी, बोल्टचे उघडे आटे, भोक न बुजवलेले पोकळ पाय, मुख्य पाईपला काटकोनात जोडलेला आणि कधीच न वापरलेला तुकडा. तिथे स्टील गंजतं आणि तिथेच जंतू घर करतात. अन्न लागणाऱ्या पृष्ठभागाचा खरबरीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आत असावा असा डेअरीतला संकेत आहे. आरसा नसला तरी चालतं, खाच नसावी. मी नवीन यंत्र बघायला गेलो की बाहेरची चमक बघतच नाही. आत पाणी ओततो, खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाच मिनिटांनी वाकून बघतो, पाणी कुठे उरलंय. ज्या टाकीतलं पाणी सगळं निघून जातं, ती करणाऱ्याला मी हात जोडतो, मग तिच्यावर एकदाही बफ फिरला नसला तरी.

या वर्षी पाऊस जरा लवकरच सुरू झाला. कुडाळच्या वहिनींकडे हंगाम संपत आला तेव्हा सहज गेलो. आगळाची पांढरी पिंपं भिंतीशी ओळीनं लागली होती. सरबताची केटल धुऊन झाली होती. पाईपचे युनियन सगळे सोडून, धुऊन, पंच्यावर उलटे मांडले होते. वॉशर खिळ्याला बांगड्यांसारखे लटकत होते. केटलच्या झाकणाखाली दोन बांबूच्या कामट्या आडव्या घातल्या होत्या, आत वारा खेळावा म्हणून. हे मी कधी सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं, त्यांना आठवत होतं.

टॉर्च लावून आत बघितलं. वेल्ड स्वच्छ, तळ कोरडा. फक्त खालच्या व्हॉल्व्हच्या बसकेपाशी मोहरीएवढा एक तपकिरी ठिपका. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात फडकं भिजवून त्यावर वीस मिनिटं दाबून ठेवलं. धुतलं, पुसलं. ठिपका गेला होता. नखानं चाचपून बघितलं, खड्डा लागला नाही.

“हो डाग परत येतलो काय?” वहिनींनी विचारलं.

“आत्ताच नाही सांगता येणार,” मी म्हटलं. “केटल अशीच उघडी राहू दे. गणपतीत येईन तेव्हा टॉर्च घेऊन येतो.”